एका कर्ण्यासमोर दोन कॉर्नेट : किंग ऑलिव्हर यांचा १९२३ सालचा संच

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या जुन्या घडणीचा जाझ कसा वाजत असे, हे ज्यांना मुळापासून ऐकायचे आहे त्यांना मी ‘ऑफ द रेकॉर्ड’ हा दोन सीडींचा संच घ्यायला सांगेन. कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे, पण आखूड पितळी वाद्य) वाजवणारे जो ‘किंग’ ऑलिव्हर यांच्या क्रिओल जाझ बँडने १९२३ या एका वर्षात जेनेट, ओके, कोलंबिया आणि पॅरामाउंट या चार कंपन्यांसाठी वाजवलेल्या ३७ रचना त्यात एकत्र मिळतात. डेव्हिड सेगर आणि डग बेन्सन यांनी मूळ तबकड्यांवरून त्या नव्याने उतरवून घेतल्या असून आर्किओफोन या कंपनीमार्फत हा संच मिळतो.

या मुद्रणाची रीत ध्यानात घेतल्याशिवाय संचाचे मोल कळणार नाही. त्या काळी मायक्रोफोन वापरात आलेला नव्हता. सगळे वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत आणि त्यांच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणाच्या तबकडीत रेघ कोरत असे. जेनेटची खोली इंडियाना राज्यातील रिचमंड येथे, लोहमार्गाला लागूनच होती आणि गाडी जाऊ लागली की मुद्रण थांबवावे लागे. ५ आणि ६ एप्रिल रोजी हा बँड तेथे वाजवत असताना बँडमधले दुसरे कॉर्नेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या वाद्याचा आवाज इतका भारी पडू लागला की त्यांना इतरांच्या बरेच मागे उभे करावे लागले, अशी आठवण पियानोवादक लिल हार्डिन यांनी सांगितली आहे. बेबी डॉड्स यांच्या मोठ्या ढोलाचा दणका तर सुईला सोसणारच नव्हता, म्हणून त्यांच्या हातून आपल्याला मुख्यतः लाकडी ठोकळ्यांचा टकटकाट ऐकू येतो. आपल्याकडच्या जुन्या खाँसाहेबांच्या तबकड्या ज्यांनी प्रेमाने ऐकल्या आहेत, त्यांच्या कानाला ही खरखर परकी वाटणार नाही.

ऑलिव्हर यांनी १९२२ साली आर्मस्ट्राँग यांना शिकागोला बोलावून घेतले, तेव्हा बँडमध्ये दुसऱ्या कॉर्नेटची गरज होती असे नाही. मुख्य धून स्वतः ऑलिव्हर धरत, जॉनी डॉड्स यांची क्लॅरिनेट तिच्याभोवती वेलीसारखी चढत जाई आणि ऑनोरे ड्युट्रे यांचा ट्रॉम्बोन खालून आधार देई. या भरलेल्या विणीत आणखी एक कॉर्नेट बसवणे अवघड होते, आणि ते त्यांनी ज्या रीतीने बसवले त्यातच मला त्यांचे नेतेपण दिसते. ‘स्नेक रॅग’मध्ये सगळा बँड क्षणभर थांबतो आणि मोकळ्या जागेत दोन्ही कॉर्नेट एकमेकांना बिलगून उतरत येतात. हे कागदावर लिहिलेले नसे; पुढे काय वाजवायचे ते ऑलिव्हर आधीच कॉर्नेटच्या कळांवर बोटे फिरवून दाखवत आणि आर्मस्ट्राँग त्याला जुळेल असा दुसरा सूर तेथल्या तेथे लावत. त्यासाठी शिष्याचा कान तयार हवा, हे खरे. पण आपली युक्ती आधीच उघड करणारा मोकळ्या मनाचा गुरूही हवा.

‘चाइम्स ब्लूज’मध्ये आर्मस्ट्राँग यांचे मुद्रित झालेले पहिले एकलवादन आहे. बहुतेक ऐकणारे त्यासाठीच येतात, मात्र तेथे ते एक बांधीव धून वाजवतात आणि त्यात पुढच्या आर्मस्ट्राँगची चाहूल तेवढी लागते. संचाचा खरा मानबिंदू ‘डिपरमाउथ ब्लूज’ हाच. ऑलिव्हर कॉर्नेटच्या तोंडाशी झाकण धरून, ते उघडत-मिटत बारा मात्राखंडांची तीन आवर्तने घेतात. पहिल्यात सूर जवळजवळ एका जागी कण्हत राहतो, मग हळूहळू वर सरकतो, आणि तिसऱ्याच्या शेवटी सगळा बँड थबकताच बँजोवादक बिल जॉन्सन यांची आरोळी उठते. ही जागा मुळात ढोलवादक बेबी डॉड्स यांची होती, ती आपल्या लक्षातून निसटली आणि आरोळीने भरून निघाली, असे डॉड्स यांनीच नंतर सांगितले. हे एकलवादन पुढच्या पिढीने जसेच्या तसे पाठ केले. १९२५ साली फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात ‘शुगर फूट स्टॉम्प’ या नावाने हीच रचना वाजली, तेव्हा आर्मस्ट्राँग यांनीही आपल्या गुरूची तीच आवर्तने वाजवली.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्यासारख्या नाहीत. सगळ्या ३७ रचना एका बैठकीत ऐकू नयेत. जवळजवळ प्रत्येक रचना तीन मिनिटांच्या आसपास, सगळे वादक बहुतांश वेळ एकत्र वाजवणारे, त्यामुळे कान लवकर थकतो. ‘झूलूज बॉल’ची एकच तबकडी जगात उरल्याचे ज्ञात आहे आणि तिची झीज स्पष्ट ऐकू येते. काही रचना दोन कंपन्यांसाठी वाजवलेल्या असल्याने पुन्हा येतात, पण ही पुनरुक्ती मला तरी हवीशी वाटली: ‘डिपरमाउथ’ आधी जेनेटचे आणि लगेच जूनमधले ओकेचे ऐकावे, म्हणजे बँड तोच असताना कर्णा आणि खोली बदलल्यावर कोणते वाद्य पुढे येते आणि कोणते मागे पडते हे नेमके उमगते. नव्या श्रोत्याने ६ एप्रिलच्या चार रचनांपासून आरंभ करावा, आणि शक्य तर हेडफोन न लावता, खोलीत थोडे अंतर राखून ऐकावे. खरखर मागे राहते आणि दुसरी कॉर्नेट वेगळी ओळखू येऊ लागते.