टंग वेट मोजायचा हायड्रॉलिक काटा: काही महिन्यांच्या वापरानंतर

टंग वेट म्हणजे ट्रेलरची पुढची दांडी ओढणाऱ्या गाडीवर जो भार टाकते तो. तो मोजायला एक पिस्टन, आत तेल, बाजूला गोल डायल. बस, एवढंच हे यंत्र. बॅटरी लागत नाही. क्षमता 1000 पौंड, म्हणजे 454 किलो. 2500–3000 किलोच्या ट्रेलरला तेवढी पुरते, पण ट्रेलर त्याहून बराच जड असेल तर सरळ 2000 पौंडांचा काटा घ्या.

मोजायची रीत सोपी असली तरी आकडा चुकायच्या जागा बऱ्याच आहेत. ट्रेलर सपाट जागेवर उभा करा, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. सामान, गॅस सिलिंडर, पाणी सगळं प्रवासात असतं तसंच भरलेलं हवं. जॅकने दांडी उचला, कपलरच्या (दांडीच्या टोकाची, गाडीमागच्या गोळ्यावर म्हणजे बॉलवर बसणारी वाटी) बरोबर खाली काटा ठेवा, त्यावर जाड पाइप उभा करा आणि जॅक जमिनीवरून पूर्ण सुटेपर्यंत वर घ्या. पाइपची लांबी अशी कापा की कपलर ओढताना असतो त्याच उंचीवर राहील. दांडी वर-खाली झाली की भार पुढे-मागे सरकतो आणि आकडा बदलतो. पाइप तिरका राहिला तर तो निसटतो, त्यामुळे पाय दांडीखाली नको. जमीन मऊ असेल तर खाली फळी घाला. डायलची सुई अडकल्यासारखी वाटली तर डायलवर बोटाने टिचकी मारून पुन्हा वाचा.

कपलरऐवजी जॅकखाली काटा ठेवायचा मोह होतो, कारण ते सोपं पडतं. पण जॅक कपलरपेक्षा ट्रेलरच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) जवळ असतो, म्हणून तिथे आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो.

काटा घ्यायचा नसेल तर घरचा वजनकाटाही चालतो. मजबूत तुळईचं एक टोक विटेवर, दुसरं वजनकाट्यावर. विटेपासून 1 फुटावर कपलरचा भार द्या, तिथून वजनकाटा 2 फुटांवर. येईल तो आकडा गुणिले 3. तुळईचं वजन आधी शून्य करून घ्या.

आता आकड्याचं काय करायचं? बॉलवर ओढायच्या ट्रेलरला भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार दांडीवर हवा. 2700 किलोच्या ट्रेलरला 270 ते 405 किलो. त्याखाली गेला की ट्रेलर उलाळ होतो आणि वेगात शेपूट हलवायला लागतो. कंपनीच्या माहितीपत्रकातला टंग वेट मात्र बहुधा रिकाम्या ट्रेलरचा असतो, त्यावर विसंबू नका.

धरा, काट्यावर 340 किलो आला. रिसीव्हरच्या (गाडीच्या मागची चौकोनी खोबण) स्टिकरवर बरेचदा ट्रेलरचं वजन/टंग वेट अशा आकड्यांच्या दोन जोड्या असतात: नुसत्या बॉलवर 5000/500 पौंड आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ताणलेल्या बारांनी भार चाकांमध्ये वाटून देणारी जोडणी) लावल्यास त्याहून जास्त, उदाहरणार्थ 10000/1000. 500 पौंड म्हणजे 227 किलो, म्हणजे नुसत्या बॉलवर हा ट्रेलर जोडणं बादच. रिसीव्हर, बॉल माउंट (बॉल बसवायचा दांडा), बॉल, कपलर यांपैकी सगळ्यात कमी आकडा जिचा, तीच खरी मर्यादा. चारांत एक जरी हलकं असलं तरी बाकीच्यांच्या ताकदीचा उपयोग नाही.

पण घोडं अडतं ते बहुतेक वेळा हिचवर नाही, पेलोडवर, म्हणजे गाडी स्वतःवर किती वजन पेलू शकते त्यावर. टंग वेटही त्यातच धरायचा. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून 650 किलो लिहिलंय असं समजा. चार माणसं 300, डिस्ट्रिब्यूशन हिच 40, मागचं सामान 60. उरले 250. टंग वेट 340. विषय संपला, रिसीव्हर कितीही दणकट असो.

शिवाय बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 3.7 मीटर आणि ॲक्सलपासून बॉल 1.25 मीटर असेल, तर 340 किलोमुळे मागच्या ॲक्सलवर जवळपास 455 किलो वाढतात आणि पुढची चाकं 115 किलोंनी हलकी होतात. स्टीअरिंग हलकं का लागतं ते इथे कळतं. डिस्ट्रिब्यूशन हिच हा भार थोडा पुढच्या आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलते. ती टंग वेट कमी करत नाही, हे मात्र अनेकांना पटत नाही. मागच्या सस्पेन्शनला लावायच्या हवेच्या पिशव्या (एअरबॅग) तर फक्त मागची बाजू उचलतात, ना भार पुढे जातो ना मर्यादा वाढते.

डिस्ट्रिब्यूशन हिचचे बार किती ताणायचे ते टेपने ठरवा. पुढच्या चाकाच्या कमानीची उंची न जोडता 950 मिमी, जोडल्यावर 980. वाढलेली उंची निम्मी परत आणायची असेल तर बार लावल्यावर 965. निम्मी की पूर्ण, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा.

काट्याचा खरा फायदा होतो तो सामान हलवताना. कपलरपासून ॲक्सल 5 मीटर असताना 40 किलोचा जनरेटर दांडीवरून उचलून ॲक्सलवर ठेवला तर जवळजवळ पूर्ण 40 किलो कमी होतात. ॲक्सलच्या 1 मीटर मागे 150 लिटरची पाण्याची टाकी भरली तर 30 कमी, 1 मीटर पुढे असेल तर 30 जास्त. म्हणून टाकी भरलेली असताना एकदा आणि रिकामी असताना एकदा, असे दोन आकडे दांडीवर लिहून ठेवा.

तक्रार एकच: डायलवर पौंड ठळक आणि किलो बारीक छापलेत, संध्याकाळी टॉर्च लागतो.