"तुनं नाव काय शे?" : जळगावच्या एका पायथन क्लासचा अनुभव

धरणगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मी एकवीस वर्षं हिशेब लिहितो. दिवाळीपासून होळीपर्यंत जेवायला सवड नसते आणि उन्हाळ्यात बसून माश्या मारायच्या. या उन्हाळ्यात म्हटलं, पायथन शिकू, म्हणजे कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची भाषा. जळगावात नव्या बसस्टँडपासून दहा मिनिटांवर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत हा क्लास भरतो. आठ रविवार, फी ४५०० रुपये, कूलर एक, शिकवायला एक मॅडम.

आठपैकी पहिले तीन रविवार नुसते व्हेरिएबल (प्रोग्राममध्ये आकडा किंवा मजकूर ज्या नावानं ठेवतात ते) आणि त्यांची नावं. बॅचमधली कॉलेजची पोरं दुसऱ्याच रविवारी कुरकुरायला लागली, "मॅडम, गेम कधी बनवायचा?" माझे पैसे मात्र त्या तीन रविवारांतच वसूल झाले.

मॅडम अमळनेरकडच्या. कोणाच्या स्क्रीनवर एक्स, वाय, ए१ असलं काही दिसलं की मागून येऊन त्या अक्षरावर बोट ठेवायच्या आणि अक्षरालाच अहिराणीत विचारायच्या, "तुनं नाव काय शे?" म्हणजे तुझं नाव काय आहे? पहिल्यांदा वर्ग हसला. चौथ्यांदा कोणी हसलं नाही, मुकाट्यानं नाव बदललं. मला ते लगेच पटलं, कारण आमच्या खतावणीत नुसतं 'पाटील' लिहिलं तर एकाची उचल दुसऱ्याच्या नावे पडते आणि मग दोन्ही पाटील एकाच वेळी ऑफिसात उभे. म्हणून पाळधीवाले पाटील, विहिरीवाले पाटील, दोन ट्रॅक्टरवाले पाटील असं लिहावं लागतं. लांब नावाचा कंटाळा फक्त लिहिणाऱ्याला येतो, वाचणारा दुवाच देतो.

खरा धडा काट्यावर मिळाला. घरी सरावाला मी वजनकाट्याच्या पावत्यांचा छोटा प्रोग्राम लिहिला. पहिलं वजन डब्ल्यू१, दुसरं डब्ल्यू२, वजा केलं की निव्वळ. कापसाची ट्रॉली भरलेली ४८६० किलो, रिकामी २९४०, निव्वळ १९२०. चोख. पाच-पंचवीस जुन्या पावत्या घातल्या, सगळ्या जुळल्या. मग सरकीच्या ट्रकची पावती घातली आणि उत्तर आलं उणे ९३३०. शेठ खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "नाना, सरकी आपण विकली, का परत घेतली?"

कापूस येतो तेव्हा गाडी आधी भरलेली तोलतात, मग रिकामी. सरकी जाते तेव्हा ट्रक आधी रिकामा येतो आणि भरून जातो. माझं नाव सांगत होतं वजन कितव्या नंबरचं, आणि मला हवं होतं ते कशाचं. एकवीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसाला हे सुचू नये! पुढच्या रविवारी मॅडमना दाखवलं, तर त्यांनी गणिताला हातही लावला नाही. नुसती नावं बदलायला लावली: भरलेले_वजन, रिकामे_वजन, निव्वळ_वजन. नावं बदलल्यावर 'भरलेले'च्या समोर कुठला आकडा टाकायचा हे चुकणंच अवघड झालं.

तसंच 'उतारा'चं. आमच्याकडे उतारा म्हणजे क्विंटलभर कापसातून रुई किती निघाली ते. शेतकऱ्याचा उतारा म्हणजे सातबारा. माझ्या प्रोग्राममध्ये दोन्ही होते आणि दोन्हींचं नाव उतारा, त्यामुळे दुसऱ्यानं पहिल्याला गिळलं. आता एक रुई_उतारा, दुसरा सातबारा. सातबारा आकड्यात लिहायला गेलो तर पायथन घेत नाही, कारण नावाची सुरुवात आकड्यानं चालत नाही आणि मधली तिरपी रेघ त्याच्या लेखी भागाकार. नुसतं ७/१२ टाकलं तर जमिनीचा मालक नाही, ०.५८३३३ मिळतं. पेप ८ नावाची पायथनची एक नियमावली आहे, २००१ सालची. तीही मॅडमनी नीट सांगितली: लहान अक्षरं, शब्दांमध्ये अंडरस्कोअर (ही खालची रेघ _), आणि एकट्या लहान एल किंवा मोठ्या ओला नाव म्हणून वापरायचं नाही, कारण ते एक आणि शून्यासारखे दिसतात.

देवनागरी नावांच्या बाबतीत मात्र क्लास तोकडा पडला. २००८ च्या पायथन ३ पासून मराठीत नावं देता येतात आणि मी हट्टानं मराठीतच देतो. 'व्यापारी' चाललं, 'भाव' चाललं, 'शेतकऱ्याचे_नाव' म्हटलं की एरर. मॅडम म्हणाल्या, "काका, इंग्रजी अक्षरांत लिहा ना." ते काही उत्तर नव्हे. दोन रात्री घालवल्यावर कळलं की माझा कीबोर्ड 'ऱ्या' उमटवताना मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. डोळ्यांना दिसत नाही, पायथनला दिसतं आणि नावात चालत नाही. दुसऱ्या कीबोर्डवरून नुक्तावाला ऱ घेऊन टाइप केलं, चाललं.

दुसरी तक्रार डब्याची. व्हेरिएबल म्हणजे डबा, त्यात किंमत ठेवायची, असं पहिल्याच दिवशी सांगितलं. आकड्यांपुरतं ते निभावतं. पाचव्या रविवारी लिस्ट आली. मी जुने_भाव ही यादी घेतली, नवे_भाव = जुने_भाव लिहिलं आणि नव्यात एक भाव बदलला. जुन्यातलाही बदलला! दोन डबे असते तर असं झालं असतं का? मॅडमनी कॉपी करायची युक्ती दिली, पण कारण घाईत उरकलं. मला ते एसटीत परत येताना उमगलं. मला घरात बापू म्हणतात, जिनात नाना. बापूंनी मिशी काढली तर नानांची राहील कशी? नाव म्हणजे चिठ्ठी, आणि एका मालावर दोन चिठ्ठ्या लागू शकतात. पहिल्या दिवशी डब्याऐवजी चिठ्ठी सांगितली असती तर पाचवा रविवार वाया गेला नसता.

शेवटचे तीन रविवार पळवले. एक्सेलची फाइल वाचणं अर्ध्या तासात संपवलं, आणि मी तर त्याच्यासाठीच गेलो होतो. चहा बरा, कूलर फक्त पहिल्या रांगेचा.

तरी जा म्हणेन, पण पहिले तीन रविवार चुकवू नका. खिडकीजवळचं चौथं मशीन घेऊ नका. त्याची अंडरस्कोअरची कळ एकदा दाबली की दोनदा उमटते, आणि भरलेले__वजन हे पायथनच्या हिशेबात तिसराच कोणीतरी पाटील.