‘गोल्डन लोच’ म्हणून गळ्यात मारलेला मासा

लातूरकडच्या एका घरी दोन फुटी टाकीसाठी सहा ‘लोच’ (तळाशी वावरणारे, मिशांचे मासे) मागवले होते. फोनवर सांगितलेलं: तळाची घाण खातात, काचेवरचं शेवाळ साफ करतात, तीन इंचांपुढे वाढत नाहीत. पैसे आधी यूपीआयने, मासे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. पिशवीतून निघाले चार पिवळेधमक आणि दोन नारिंगी अंगावर काळे पट्टे असलेले. सहात खरे लोच दोनच, आणि त्या दोघांबद्दलची माहितीही थापच.

‘गोल्डन लोच’ म्हणून आलेला पिवळा, तो चायनीज अल्गी ईटर. नावात चायना असलं तरी हा थायलंड-कंबोडियाकडच्या नद्यांतला, आणि हा लोचच्या कुळातला नाही. ओळखायला एक मिनिट पुरतं. लोचच्या तोंडाभोवती बारीक मिशा असतात, याला एकही नसते. तोंड गोल चकतीसारखं, काचेला घट्ट चिकटलेलं. तोंड चिकटलेलं असताना पाणी आत घ्यायला कल्ल्याच्या वरच्या बाजूला याला वेगळं भोक असतं, म्हणून कल्ले शिलाई मशिनच्या सुईसारखे भराभर हलताना दिसतात. लहान असेपर्यंत शेवाळ खातो, यात खोटं नाही. पण चार-पाच इंचांचा झाला की गोल्डफिश किंवा एंजलफिशच्या अंगाला चिकटून त्यावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो, तिथे जखम होते, जखमेवर बुरशी येते. वाढतो दहा-अकरा इंचांपर्यंत.

पट्टेवाला क्लाउन लोच, सुमात्रा-बोर्निओचा. दुकानात दीड-दोन इंचांचा मिळतो. वाढ इतकी संथ की फसवणूक कळेपर्यंत वर्ष उलटतं. पण पुढे तो आठ-दहा इंच होतो, वीस वर्षं जगतो, पाच-सहांच्या टोळीशिवाय बुजून राहतो. त्याला टाकी सहा फुटी लागते. दोन फुटीत जेमतेम पन्नास-पंचावन्न लिटर पाणी! घेताना वरून बघायचं: पाठ सुरीच्या धारेसारखी आणि पोट आत गेलेलं दिसलं, तर पोटात जंत असण्याची शक्यता मोठी. तो मासा स्वस्तात दिला तरी नको. उलट, टाकीत आडवा पडून ‘मेला’ असं वाटलं तर घाबरू नका, झोपण्याची त्याची तीच तऱ्हा. या घाबरण्यावरही औषधाच्या बाटल्या विकल्या जातात.

पुढची बाटली ‘पीएच डाउन’, म्हणजे पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) खाली आणणारं औषध. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यात कार्बोनेट भरपूर. म्हणून आज सातवर आणलेला पीएच उद्या परत आठवर जातो, आणि या वरखाली होण्यानेच मासा खचतो. त्यापेक्षा आरओचं पाणी मिसळा. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ८०० आणि आरओचा २० असेल तर निम्मं-निम्मं धरून ४१० होतो. मात्र एका दिवसात नाही. आठवड्याला पाव टाकी बदलत दीड-दोन महिन्यांत. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग असू शकतं, म्हणून क्लोरीन घालवणारं अँटी-क्लोरीन आधी.

माशाच्या अंगावर पांढरे ठिपके (हा एक रोग) आले की निळं-हिरवं औषध पूर्ण मात्रेत घालायला सांगतात. लोचचे खवले अगदी बारीक, औषध त्याला लवकर बाधतं. मॅलाकाइट ग्रीन (ते हिरवं औषध) निम्म्याच मात्रेत, तांब्याचं औषध टाळलेलं बरं. हिवाळ्यात हीटरने पाणी हळूहळू ३० अंशांवर न्या, एअर पंप चालू ठेवून. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हीटर कशाला? पाणी आपसूक तिथे जातं. तेव्हा घोर ऑक्सिजनचा, म्हणून लाइट जाण्याआधी बॅटरीवरचा पंप हाताशी हवा.

त्या घरी पैसे परत मिळाले नाहीत. कारण सांगितलं: ‘पिशवी फोडल्यावर तक्रार चालत नाही.’ म्हणून पैसे देण्याआधी त्याच माशांचा, तोंड जवळून दिसेल असा व्हिडिओ मागा आणि जात व संख्या मेसेजवर लिहून घ्या. पिशवी आली की गाठ न सोडता, माशांची तोंडं आणि पार्सलची चिठ्ठी दिसेल असं शूटिंग करा. मगच गाठ सोडायची.

आणि क्लाउन लोच मोठ्या टाकीवाल्याला देऊन टाकायचे असतील तर जाळीने पकडू नका. डोळ्याखाली दडवलेला काटा तो उघडतो आणि जाळीत अडकतो. ओढलं तर डोळाच फाटायचा. पारदर्शक डब्यात हळूच ढकलून घ्या. काटा अडकलाच तर मासा पाण्यात ठेवून कात्रीने जाळी कापा.