फार क्राय की क्रायसिस?

मालवणच्या माझ्या भाच्याला घरातल्या जुन्या संगणकावर या दोहोंपैकी एकच गेम बसवायचा आहे. दोन्ही क्रायटेक या कंपनीचेच, दोन्ही उष्ण कटिबंधातल्या बेटांवरचे. पहिला 2004 चा, दुसरा 2007 चा.

लपून खेळण्याचा खरा कस फार क्रायमध्ये लागतो, कारण तिथे नायक जॅक कार्व्हरला झाडीचाच आडोसा असतो. दुर्बिणीच्या मायक्रोफोनमधून पहारेकऱ्यांचे बोलणे ऐकावे, गवतात पालथे पडून एक दगड भिरकवावा, आणि आवाजाच्या रोखाने एकटाच निघालेला पहारेकरी जवळ येईपर्यंत श्वास रोखून थांबावे, हा अनुभव मला आजही अजोड वाटतो. क्रायसिसमधला नॅनोसूट हा खास पोशाख खेळाडूला अदृश्य करतो. मात्र हालचाल केली की त्याची ऊर्जा भराभर संपते आणि गोळी झाडताच तो उघडा पडतो. पुढे पहिल्यात उत्परिवर्तित प्राणी आणि दुसऱ्यात परग्रहवासी आले की दबा धरण्याचे महत्त्व दोन्हींत ओसरते, याची मला मनापासून खंत आहे.

फार क्रायला किमान 256 एमबी रॅम पुरते, क्रायसिसला एक जीबी लागते. परंतु फार क्रायमध्ये प्रगती ठराविक टप्प्यांवरच साठवली जाते. मृगात वीज गेली की अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते. क्रायसिसमध्ये हवे तेव्हा साठवता येते.

संगणक जुना आणि अंगी धीर असेल त्याने इन्व्हर्टरची सोय करून फार क्राय घ्यावा. यंत्र दमदार असून थोडा थोडा वेळच मिळत असेल, तर क्रायसिस. भाच्याला मी फार क्रायच सुचवला आहे.