ब्युरोची ‘सिस्टर’: पैसे कोणत्या कामाचे, सेवा कोणती

पुण्या-मुंबईत घरी नर्स पाठवणाऱ्या ब्युरोंची सेवा एका वाक्यात सांगायची तर माणूस वेळेवर येतो, पण हवा तोच माणूस येतो असं नाही. पांढरा कोट घातलेल्या प्रत्येकीला ‘सिस्टर’ म्हटलं जातं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा, एएनएम दोन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. जीडीए किंवा ‘अटेंडंट’ म्हणजे काही महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली मदतनीस. त्यानंतर मावशी किंवा आया, त्या अनुभवावर तयार झालेल्या. यातलं कुणीच कमी दर्जाचं नाही, कामं वेगळी आहेत एवढंच. ‘ट्रेंड नर्स’ या शब्दाला मात्र काही अर्थ नाही. फोनवर ‘जीएनएम की जीडीए?’ एवढंच विचारा आणि पहिल्या दिवशी नोंदणीचं कार्ड बघा, त्यावरची नूतनीकरणाची तारीखसुद्धा.

बहुतेक घरांना बारा तासांची नर्स लागतच नाही. अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं, चालवणं ही कामं चांगली जीडीए उत्तम करते. कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, जखमेचं ड्रेसिंग, इंजेक्शन यांसाठी ‘व्हिजिट’वर नर्स बोलवावी, अर्धा-पाऊण तासात काम होतं. गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी असेल, वारंवार सक्शन, म्हणजे यंत्रानं कफ ओढून काढणं, लागत असेल, तर मात्र दोन्ही पाळ्यांना नर्सच हवी. तिथे काटकसर नको.

आहार देण्याची नाकातली नळी, म्हणजे राइल्स ट्यूब, ही कौशल्याची खरी कसोटी. जाणती सिस्टर आधी नाकपुडीपाशी नळीवर पेनानं केलेली खूण जागेवर आहे का ते बघते. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलते, ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून घेते आणि २००-२५० मिली पातळ आहार आपल्या वजनानं उतरू देते, पंधरा-वीस मिनिटं घेऊन. आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी. त्यानंतर निदान अर्धा तास रुग्णाला आडवं करत नाही. घाईची सिस्टर दट्ट्यानं ढकलते, मग ठसका, उलटी, आणि आहार फुप्फुसात गेला की न्यूमोनिया. नळीत हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपनं ‘गुडगुड’ ऐकली की नळी जागेवर आहे, हा समजही भरवशाचा नाही. खूण सरकली असेल तर आहार थांबवून डॉक्टरांना कळवणं हेच बरोबर. नळी तुंबते ती बहुधा नीट न गाळलेल्या पेजेमुळे किंवा सगळ्या गोळ्या एकत्र कुटून घातल्यामुळे. एसआर, ईआर लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या तर कुटायच्याच नसतात. पर्याय डॉक्टरांना विचारायचा. नळी निघून आली तर जीडीएनं ती परत घालू नये, हे पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.

सतत पडून राहिल्यानं होणाऱ्या पाठीच्या जखमांच्या बाबतीत या सेवेची कामगिरी सर्वांत डळमळीत दिसते. दर दोन तासांनी कूस, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण पूर्ण कुशीवर टाकलं की भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलतं ठेवायचं, पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. माकडहाडावरची लाली बोटानं दाबल्यावर फिकी पडली नाही तर जखमेची सुरुवात झाली समजा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे ऊब आणि कडकपणा हातानं तपासावा लागतो. अशा जागी स्पिरिट-पावडर चोळून मालिश करण्याची जुनी सवय अजून सर्रास आहे, आणि त्यानं आधीच दुखावलेली कातडी आणखी बिघडते. एअर बेड घेतला की कूस बदलायला नको, हाही गैरसमज. त्यावर मेणकापड, चादर, घडी घातलेली दुलई असे थर चढवले तर त्या गादीचा उपयोग जवळजवळ संपला. कंबरेखाली, गादीच्या खालून हात सरकवा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे.

लघवीच्या पिशवीची चूक एकच, पण रोजची: व्हीलचेअरवर बसवताना पिशवी मांडीवर ठेवतात. लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते, मग संसर्ग आणि ताप. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको.

इन्सुलिनची चूक मात्र जिवावरची. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन ४० युनिट प्रति मिलीचं मिळतं आणि १०० युनिटचंही. पहिल्याची सिरिंज लाल टोपीची, दुसऱ्याची नारिंगी. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात ५० युनिट जातं. कुपी आणि सिरिंज एकाच डब्यात जोडीनं ठेवा, दुसऱ्या प्रकारची सिरिंज घरात ठेवूच नका. नव्या अँटिबायोटिकचा शिरेतून द्यायचा पहिला डोस घरी घेऊ नये. तीव्र ॲलर्जी उठली तर सिस्टरच्या पिशवीतली साधनं पुरत नाहीत.

बीपी, साखर, ऑक्सिजन मोजणं बहुतेकींना येतं. त्यासाठी जास्त दर देऊ नका.

‘२४ तासांची’ सेवा स्वस्त वाटते. पण माणूस एकच, आणि तो झोपणारच. दर दोन तासांनी कूस बदलायची असेल तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या घ्या, नाहीतर रात्रीचं काम घरातल्यांनी वाटून घ्यावं. २४ तासांच्या बाईंना जेवण, झोपायला जागा आणि दिवसा दोन-तीन तास सलग विश्रांती लागते. ते नसेल तर आठवड्यात बदली मागितली जाते आणि नव्या माणसाला सगळं पुन्हा शिकवावं लागतं. या सेवेतली सर्वांत त्रासाची गोष्ट हीच, माणसं सारखी बदलतात.

करारात तीन गोष्टी वाचा: बदली किती तासांत मिळेल, आगाऊ रक्कम परत कधी मिळेल, आणि बाईंना थेट कामावर ठेवल्यास दंड किती. दंडाचं हे कलम बहुतेक करारांत असतं, बारीक अक्षरांत.

कॅन्सरचा रुग्ण शेवटच्या टप्प्यात असेल तर ब्युरोला फोन करण्याआधी पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेची चौकशी करा. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून हे काम विनामूल्य करतं. वेदनांच्या औषधांचा हिशेब कुठल्याही ब्युरोपेक्षा अशा टीमला चांगला कळतो. दिवसभराच्या कामाला मावशी मात्र वेगळी लागेलच.

एकूण पाचपैकी तीन गुण. एक कापला तो माणसं सतत बदलण्यासाठी आणि एक ‘सिस्टर’ या शब्दाच्या ढिल्या वापरासाठी. पाळी बदलताना वही लिहून घेणारा ब्युरो भेटला, ज्यात किती मिली दिलं, किती मिली लघवी, कोणत्या कुशीवर किती वाजता हे सगळं असतं, तर अर्धा गुण वाढवा.