डॉक्टरांविरुद्ध तक्रार: आधी वैद्यक परिषद की ग्राहक आयोग?

उपचारात चूक झाली अशी शंका पक्की होत गेली की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जा, तिथे डॉक्टरच डॉक्टरांची चूक ओळखतील. दुसरं म्हणतं, सरळ ग्राहक आयोगात केस टाका. पोलिसांचा विषय इथे बाजूला ठेवतो. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा अगदी ढळढळीत असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच स्पष्ट केलं आहे.

परिषदेची बाजू आधी, कारण ती उगाच कमी लेखली जाते. तिला वैद्यकशास्त्र समजावून सांगावं लागत नाही. ती डॉक्टरला ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी नोंदणी निलंबित करू शकते, नोंदवहीतून नाव काढू शकते. कागदपत्रांत खाडाखोड, रेकॉर्ड देण्यास नकार, रुग्णाशी गैरवर्तन अशा तक्रारी मुळात तिच्याच अखत्यारीतल्या. मात्र तिचा अधिकार नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टरपुरता आहे. हॉस्पिटलचं व्यवस्थापन, नर्स, टेक्निशियन यांना ती हात लावू शकत नाही, आणि भरपाईचा एक रुपयाही देऊ शकत नाही. निकाल विरोधात गेला तर? राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याच्या कलम ३० मध्ये अपिलाची तरतूद आहे ती डॉक्टरसाठी. रुग्णाचा तिथे उल्लेखच नाही.

ग्राहक आयोगाचं बरंच काही लोकांना माहीत असतं, पण फीबद्दल गैरसमज फार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) आणि फी ठरते ती तुम्ही हॉस्पिटलला दिलेल्या रकमेवरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगातच. हॉस्पिटल दुसऱ्या शहरात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. वकील सक्तीचा नाही, तरी वैद्यकीय प्रकरणात असलेला बरा. आयोगाची नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. सगळ्यांवर सरसकट मोफत उपचार करणारं रुग्णालय मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार या कायद्याबाहेर राहतं, तिथे दिवाणी न्यायालय आणि परिषद हेच मार्ग उरतात. काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयातला मोफत रुग्ण मात्र कायद्यात येतो.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निर्णय झाला ती: मुदत. आयोगात कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं मिळतात, आणि परिषदेत प्रकरण चालू आहे म्हणून ती थांबत नाहीत. परिषदेने सहा महिन्यांत निर्णय द्यावा असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलं आहे, पण त्या भरवशावर बसू नये. ‘परिषदेचा निकाल हातात आला की आयोगात भक्कम जाऊ’ असं म्हणत थांबलेली माणसं दोन वर्षं उलटून बसतात. मग विलंब माफीचा अर्ज, त्यावर समोरच्याची हरकत, आणि मूळ चुकीवर एक शब्द बोलण्याआधीच महिने जातात. २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल इथे आठवावा. १९९३ च्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात राहिलेला गॉज (शस्त्रक्रियेत वापरतात तो जाळीदार कापडाचा तुकडा) २००२ मध्ये सापडला, तक्रार २००४ मध्ये झाली. सापडल्यापासून मुदत मोजा, हे म्हणणं टिकलं नाही. रुग्ण बाई स्वतः नर्स होती, नऊ वर्षं दुखत असताना तपासणी का केली नाही, असं न्यायालयाने विचारलं आणि तक्रार मुदतबाह्य ठरवली. गॉज सापडूनही!

आयोगातही त्रास आहेत. सर्वांत मोठा तज्ज्ञ मताचा. आयोग बऱ्याचदा कागद सरकारी रुग्णालयाच्या समितीकडे पाठवतो आणि तिथून ‘उपचार प्रचलित पद्धतीनुसार’ असं एका ओळीचं उत्तर येतं. म्हणून समितीला काय विचारायचं ते नेमके प्रश्न आपणच लेखी द्यावेत: रक्तदाब घसरल्याची नोंद आणि डॉक्टर आल्याची नोंद यांत किती वेळ गेला, त्या वेळात काय करणं अपेक्षित होतं. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं आहे. चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया स्वतःच बोलते.

दोन्हीकडे लागणारी फाइल एकच. रेकॉर्डसाठी लेखी अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. ७२ तासांत प्रती देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परतू नका. इनडोअर केस पेपर, नर्सिंग नोट्स, भूल दिल्याचा तक्ता, ऑपरेशन नोट, संमतीपत्र अशी नावं अर्जात लिहा. मिळालेल्या पानांवर लगेच क्रमांक घाला. मग नर्सच्या नोंदीतली वेळ आणि डॉक्टरच्या नोंदीतली वेळ शेजारी ठेवून वाचा. नर्सने रात्री ११.४० ला ‘डॉक्टरांना फोन केला’ लिहिलंय आणि डॉक्टरची पुढची नोंद पहाटेची आहे, तर तक्रारीचा कणा तिथेच सापडतो.

नुसती नोंदणीवर कारवाई हवी असेल, पैशाचा प्रश्नच नसेल, तर परिषद पुरेशी ठरू शकते, ते ज्याचं त्याने ठरवावं. दोन्ही एकाच वेळी करायलाही अडचण नाही. फक्त क्रम उलटा नको. मी आयोगाची तक्रार आधी ठेवेन, आणि तीही दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस नाही, रेकॉर्ड हातात आल्यापासून तीन-चार महिन्यांत. त्याच कागदांच्या प्रतींचा दुसरा संच, डॉक्टरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक घालून, त्याच आठवड्यात परिषदेकडे जाऊ शकतो.