भुरीवर खाण्याचा सोडा फवारावा की दुसरं काही?

काकडीच्या वेलावर पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके, म्हणजे भुरी हा बुरशीचा रोग, दिसले की हात पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या सोड्याकडे जातो. माझाही गेला होता. पण याच कामासाठी पोटॅशियम बायकार्बोनेट, दूध आणि गंधकही वापरतात. यातलं काय निवडायचं हे झाड जमिनीत आहे की कुंडीत आणि फवारणी किती वेळा करावी लागणार, यावर ठरतं.

त्याआधी रोग ओळखा. भुरी बोटाने पुसली तर बोटाला पांढरी पावडर लागते. काकडीवर्गीय वेलींवर केवडा हा दुसरा रोग आला असेल तर पानाच्या वरून पिवळे, शिरांच्या चौकटीत अडकल्यासारखे कोनदार डाग दिसतात आणि करडी बुरशी पानाखाली असते. केवड्याची बुरशी पानाच्या आत वाढते, त्यामुळे सोडा तिच्यापर्यंत पोचतच नाही. भुरीचं बरंचसं शरीर पानाबाहेर पसरलेलं असतं, म्हणूनच तिच्यावर वरून फवारलेल्या सोड्याचा परिणाम होतो. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, त्याच्या द्रावणाचा सामू (pH) 8.3 च्या आसपास असतो. त्यातलं बायकार्बोनेट बुरशीच्या तंतूंना मारक ठरतं.

प्रमाण 1 लिटर पाण्याला 1 सपाट चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम. त्यात पातळ साबणाचे दोन-तीन थेंब टाका, नाहीतर पाणी पानावरून घरंगळून जातं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्नेल विद्यापीठात गुलाबांवर झालेल्या प्रयोगांत सोड्याबरोबर बागायती तेल (झाडांवर फवारायचं तेल) मिसळलं होतं आणि त्या जोडीनेच चांगलं काम केलं. तेल किंवा साबण न घालता नुसता सोडा मारून ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. उपयोग होतो तोही मुख्यतः सुरुवातीला. अख्खं पान पांढरं झाल्यावर ते तोडून टाकलेलंच बरं.

आता सोड्याची खोड. त्याच्या वजनात चौथ्या हिश्श्याहून जास्त सोडियम असतं आणि झाडाला त्याची गरज नसते. पानावरून ओघळलेलं द्रावण मातीत उतरतं. जमिनीतल्या वेलीखालून ते पावसाने धुऊन जाऊ शकतं, पण कुंडीत, त्यातही खाली ताटली ठेवलेली असेल तर, ते तिथेच साठत राहतं. सोडियम वाढलेली माती ओली असताना चिकट होते, वाळल्यावर वर पापुद्रा धरते आणि पाणी आत घेत नाही. एकदा मी अंदाजपंचे दोन चमचे सोडा टाकून भर दुपारी फवारा मारला. दुसऱ्या दिवशी कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत होऊन आत वळल्या होत्या. भुरी परवडली असती!

पोटॅशियम बायकार्बोनेट मुळाशी त्याच जातीचं, फक्त सोडियमच्या जागी पोटॅशियम. ते झाडाचं खाद्यच आहे, त्यामुळे मातीची चिंता बरीच कमी होते. भुरीवरही ते सोड्यापेक्षा सरस चालतं आणि आलेली भुरीसुद्धा मारतं. प्रमाण साधारण तेवढंच. अडचण एवढीच की ते घरात नसतं, मागवावं लागतं. कुंड्यांची बाग असेल आणि दर आठवड्याला फवारा मारायची पाळी येत असेल, तर मी डोळे मिटून हेच घेईन.

दुधाचं नाव काढलं की लोक हसतात. पण 1999 साली ब्राझीलमधल्या वाग्नर बेत्तिओल यांनी झुकिनीवरच्या भुरीसाठी दुधाच्या फवाऱ्याचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि त्यांत दूध खरंच लागू पडलं. एक भाग दूध, नऊ भाग पाणी आणि आठवड्यातून एकदा फवारणी. फवारा उन्हात मारलेला चांगला. मातीत मीठ साठत नाही, पण प्रमाण वाढवलं तर पानावर दुसरीच बुरशी धरते आणि वासही येतो. दोन-चार झाडांना ठीक, मोठ्या बागेला नाही.

गंधक या चौघांत सगळ्यात जुनं आणि दमदार, पानांतला रस शोषणारी कोळी कीडही आवरतं. मात्र पारा 32 अंशांच्या वर असताना ते मारू नका, पानं भाजतात. तेलाची फवारणी झाली असेल तर दोन आठवडे थांबा. काकडीवर्गीय वेलींच्या काही जातींना गंधक सोसत नाही, तिथे मी त्याच्या वाटेला जात नाही.

थोडक्यात, एखाद-दुसऱ्या वेलीवर नुकतेच ठिपके आले असतील आणि वेल जमिनीत असेल तर घरातला सोडा पुरे. तिसऱ्या फवारणीची वेळ आली की पोटॅशियमवर या.

सोडा घेताना डबा मात्र नीट पाहा. धुण्याचा सोडा वेगळा, त्याच्या द्रावणाचा सामू 11 च्या घरात जातो, पानं जळतीलच. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि स्टार्च असतं, तीही नको. सोड्यात व्हिनेगर मिसळणारे तर दोन्ही वाया घालवतात, फसफसून झाल्यावर उरतं ते सोडियमचंच दुसरं क्षार. टोमॅटोच्या बुंध्याशी सोडा टाकला की फळं गोड होतात, हेही ऐकायला येतं. गोडी जात, ऊन आणि पाण्यावर ठरते, सोड्याने फक्त मातीतलं सोडियम वाढतं.

फवारायच्या आधी दोनच पानांवर मारून दोन दिवस थांबा. कडा हिरव्या राहिल्या, तर बाकीच्या वेलीवर सकाळी लवकर मारा, पानाखालूनही.